खांदा, कंबर, गुडघा दुखतोय... फिजिओकडं नेमकं कधी जायचं?

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदारांचा आहे. वय ४४, ऑक्टोबर छाटणीपासून उजवा खांदा दुखतोय, आता माल उतरायला आला तरी दुखायचा थांबला नाही. बाम लावून झाला, मेडिकलमधून गोळ्या आणून झाल्या. पाहुणे म्हणतात सरळ एमआरआय काढ, भाऊ म्हणतो वयानं होतंच असं, घरचे म्हणतात फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्यात आईचे गुडघेही दुखतायत. तर फिजिओकडं कधी जायचं, आधी हाडाच्या डॉक्टरांकडं जायला लागतं का, आणि एवढ्याशा दुखण्यासाठी जाणं बरं दिसतं का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. बरं दिसतं, आणि लवकर आलात तर आमचंही काम सोपं होतं. मी सांगलीत बरीच वर्षं फिजिओथेरपीचं काम करतोय, माझ्याकडं मार्केट यार्डातले हमाल येतात, कुपवाड एमआयडीसीतले कामगार येतात, एसटीचे ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, बागवाले, सगळे येतात, आणि यातले निम्म्याहून जास्त लोक खूप उशिरा येतात. सहा महिने, वर्ष काढून येतात. कारण विचारलं की म्हणतात 'सहन होत होतं हो'. आता सहन होणं हे माप धरलं तर आपल्याकडची माणसं कधीच येणार नाहीत, कारण सहन करायची सवय लहानपणापासून आहे.

म्हणून मी वेगळं माप सांगतो. दुखतंय किती ते राहू दे, दुखण्यामुळं तुम्ही काय करायचं सोडलंय ते बघा. एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या खांदा आता फारसा दुखत नाही, सहज दाखवायला आले. मी विचारलं अंबाडा कोण घालतं? तर म्हणाल्या मुलगी घालते, हात मागं जात नाही ना. फळीवरचा डबा? तो खाली आणून ठेवलाय. गाडीवर मागं बसताना कडी धरता येते का? नाही, डाव्या हातानं धरते. म्हणजे दुखणं कमी झालं नव्हतं, त्यांनी हात वर करणंच बंद केलं होतं आणि तेवढ्यात खांदा आखडून बसला. हे फार हळूहळू होतं, आपल्याला कळतसुद्धा नाही. जिना टाळायला लागलो, पंगतीला खाली बसायचं सोडलं, एकाच कुशीवर झोपायला लागलो, गाडीला किक मारायचं दुसऱ्याला सांगायला लागलो, असलं काहीही सुरू झालं की दाखवायची वेळ झाली असं समजा, दुखणं दहापैकी तीनच का असेना.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखणं कुठल्या दिशेला चाललंय. प्रत्येक दुखण्याला फिजिओ लागतच नाही, हेही तेवढंच खरं. नवीन काम केलं, पहिल्यांदा जिम लावली, लग्नात दोन दिवस धावपळ झाली, मग अंग दुखणारच, ते दोन-चार दिवसांत आपोआप जातं. कंबरेत उसण भरली तर पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो पण बहुतेकांची काही आठवड्यांत चांगली उतरते, फक्त अंथरुणाला खिळून राहू नका, जमेल तेवढं घरातल्या घरात हिंडत राहा, शेकून बरं वाटत असेल तर शेका. पूर्वी कंबर धरली की डॉक्टरसुद्धा पडून राहायला सांगायचे, आता तसं कोणी सांगत नाही, कारण पडून राहणाऱ्यांना उलट जास्त वेळ लागतो. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घ्यायची पद्धत अजून आहे गावाकडं. उसण तशीही उतरणारच असते म्हणून त्यानं बरं वाटल्यासारखं होतं, पण साठीच्या पुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या पाठीवर कुणी पाय देऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. त्या वयात नुसतं वाकून घागर उचलली तरी मणका दबू शकतो.

तर साधारण असं धरा, दोन आठवडे झाले आणि काहीच फरक नाही, किंवा दिवसेंदिवस वाढतच चाललंय, तर या. बरं झालं होतं पण वर्षात तिसऱ्यांदा तेच दुखणं आलं, तरी या, कारण मग त्यामागं काहीतरी कारण आहे, कुठला तरी स्नायू कमी पडतोय किंवा कामाच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय. झोपमोड होत असेल तर या. आणि दुखण्याची गोळी रोज लागायला लागली असेल तर नक्कीच या. मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाल्लेल्या त्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, किडनीवर परिणाम होतो, बीपी-शुगरवाल्यांना तर धोका अजून जास्त. दुखणं दाबून त्याच खांद्यानं परत दिवसभर काम केलं की मूळ तक्रार तिथंच राहते आणि वर पोट बिघडतं.

आता तुमच्या खांद्याकडं येतो. द्राक्षवाल्यांचा खांदा हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. मांडवाखाली दिवसभर मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, आधी छाटणी, मग विरळणी, मग डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. हात असा वर धरून ठेवला की खांद्याच्या आतल्या दोऱ्यांवर, म्हणजे टेंडनवर, सतत ताण येतो. वर्षभर ज्या खांद्याला एवढी सवय नाही त्याला एकदम पंधरा दिवस हे काम लागलं की टेंडन कुरकुर करायला लागतो. झीज, वय वगैरे नंतरचं, आधी हा एकदम वाढलेला कामाचा भार बघायचा.

घरी एक गोष्ट तपासून बघा. उभे राहा, दोन्ही कोपर कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढं, अंगठे वर. आता कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. दुखरा हात चांगल्या हाताएवढाच बाहेर जातो का ते बघा. मग आडवे पडा आणि घरातल्या कुणाला तरी तुमचा हात सावकाश वर न्यायला सांगा, तुम्ही जोर लावायचा नाही. दुसऱ्यानं नेल्यावर हात पूर्ण वर जातोय, बाहेरही उघडतोय, फक्त तुम्ही स्वतः उचलताना मध्येच कळ येते, असं असेल तर बहुतेक टेंडनचं दुखणं आहे आणि ते व्यायामानं चांगलं सुधारतं. पण दुसऱ्यानं नेला तरी हात अडतोय, पंजा बाहेर उघडतच नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांदा आतून आखडून बसायच्या आजाराची, सुरुवात असू शकते, आणि मग मी पहिला प्रश्न विचारणार, शुगर कधी तपासली? चाळीस ते साठ वयात हा आजार होतो आणि डायबेटिसवाल्यांत जास्त होतो. माझ्याकडं खांदा दाखवायला आलेल्या काही जणांना त्याच निमित्तानं शुगर आहे हे पहिल्यांदा कळलंय. फ्रोझन शोल्डर सोडून दिला तर एक ते तीन वर्षं रेंगाळतो, आणि सुरुवातीच्या फार दुखणाऱ्या काळात हाडाचे डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देऊन बराच आराम देऊ शकतात, म्हणून तिथं वाट बघण्यात अर्थ नाही.

दोन फाटे अजून आहेत. दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ते खांद्याचं, पण कोपराच्या खाली मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर मानेकडं बघावं लागतं. आणि शिडीवरून पडलात, हाताला एकदम हिसका बसला आणि त्या दिवसापासून हात उचलतच नाही, तर टेंडन फाटलेला असू शकतो, तेव्हा फिजिओच्या नादाला न लागता त्याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

एमआरआयचं म्हणाल तर, माझं मत स्पष्ट आहे, तपासणाऱ्यानं मागितला तरच काढा. कारण एमआरआयमध्ये काही ना काही निघतंच. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून कंबरेच्या एमआरआय-सीटी स्कॅनचा आढावा घेतला होता, ३००० च्या वर लोक होते आणि ज्यांना काहीच दुखत नव्हतं असेच लोक होते. त्यांच्यातल्या २० वर्षांच्या पोरांत सुद्धा ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ८० वर्षांच्या लोकांत ९६ टक्के. म्हणजे केस पांढरे व्हावेत तसं हे बऱ्याच अंशी वयाबरोबर होतच असतं. पण आपल्याकडं काय होतं, रिपोर्ट हातात पडतो, त्यात 'डिस्क बल्ज', म्हणजे चकती थोडी फुगलीय, असं लिहिलेलं असतं, कुणीतरी 'मणक्यात गॅप पडलाय' म्हणून सांगतं, आणि तो माणूस त्या दिवसापासून वाकायला घाबरतो, पोराला उचलत नाही, पट्टा लावून फिरतो. पस्तिशीतली धडधाकट माणसं या एका वाक्यामुळं वर्षभर अर्धी होऊन बसलेली मी बघितलीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यांची कंबर तेवढी खराब नसते हो, भीतीनं हालचाल बंद केली म्हणून ती कमकुवत झालेली असते.

पण काही दुखणी अशी आहेत की तिथं आमच्याकडं येण्यात वेळ घालवूच नका, आणि हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडकायला लागली, कळेनाशी झाली, संडासवर ताबा राहिला नाही, किंवा गाडीच्या सीटवर जो भाग टेकतो तिथं बधिरपणा आला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जा, नस दबलेली मोकळी करायला तिथं तासांचा हिशोब असतो. चालताना पायातली चप्पल निसटतेय, पंजा वर उचलत नाही, पायातली ताकद दिवसागणिक कमी होतेय, तरी लगेच डॉक्टर. पाठ दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप येतोय, वजन उतरतंय, तर टीबीची शंका घ्यायची, मणक्याचा टीबी आपल्याकडं आजही होतो आणि मालिश करून तो बरा होत नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय आणि आता हाडात रात्रंदिवस दुखतंय, पडून राहिलं तरी थांबत नाही, तर आधी डॉक्टर. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर, तर ती चोळायची नाही, रक्ताची गुठळी असू शकते. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, हे पण तातडीचं. आणि डावा खांदा, हात, जबडा दुखतोय, चढ चढताना येतं आणि थांबलं की कमी होतं, घाम फुटतो, छातीत दाटल्यासारखं होतं, तर तो खांदा नाही, हृदय आहे, लगेच ईसीजी. शुगरवाल्यांना तर छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो.

तरुण पोरांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ही फार वेळा सुटून जाते. वय पंचेचाळिसच्या आत, कंबर तीन महिन्यांवर दुखतेय, पहाटे दुखण्यानं जाग येते, सकाळी अर्धा तास-तासभर अंग आखडलेलं, पण हिंडायला लागलं की मोकळं वाटतं आणि आराम केला की परत दुखतं. हे साध्या कंबरदुखीच्या उलटं आहे, साधी कंबर आरामानं बरी वाटते. असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. बोटांचे बारके सांधे सुजून सकाळी मूठ वळत नसेल तरी तेच. औषध तिथं मुख्य आहे, व्यायाम जोडीला.

पाय मुरगळला तर काय, हे पण लोक विचारतात, भरतीची तयारी करणारी पोरं तर कायम. चार पावलं सुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेरच्या-आतल्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर हाडातच दुखत असेल तर एक्स-रे काढा. नाहीतर क्रेप बँडेज, बर्फ, पाय उंचावर, आणि दोन-तीन दिवसांनी हळूहळू चालायला सुरुवात. सूज उतरली म्हणजे झालं असं मात्र समजू नका, एका पायावर डोळे मिटून उभं राहता येतंय का बघा, तो तोल परत आणला नाही तर तोच पाय परत मुरगळतो.

म्हशी सांभाळणाऱ्या बायकांचं एक दुखणं मला मुद्दाम लिहायचंय कारण त्यांच्याकडं कुणी लक्ष देत नाही. रोज दोन वेळा धार काढून अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं की जीव जातो. बाळंतिणींना पण बाळ उचलून उचलून हेच होतं. लवकर आल्या तर छोटा स्प्लिंट म्हणजे अंगठ्याला आधार देणारा पट्टा, धार काढायची पद्धत बदलणं, थोडे व्यायाम यावर भागतं. वर्षभर काढलं की मग इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन. घरात धार काढायला दुसरं कोण नाही म्हणून ती बाई तशीच काढत राहते, तर घरातल्या पुरुषांनी दीड महिना धार काढली तर काय बिघडतंय?

आईच्या गुडघ्यांचं. तुम्ही लिहिलं नाही पण बहुतेक कुणीतरी 'वाटी झिजली, आता जास्त चालू नका' असं सांगितलं असणार. झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात आधी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद लागते, आणि चालणं बंद केलं की ती आधी जाते. त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का बघा. येत नसेल तर तिथूनच सुरुवात, थोडी उंच खुर्ची घ्या, उठा-बसा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, त्यामुळं पाच किलो उतरले तरी माणूस खूश होतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं पाहिजे एवढंच, नाही झालं तर मात्रा कमी करायची. तुमच्या खांद्यालाही हाच नियम. सहा ते बारा आठवडे द्यायला लागतात, चार दिवसांत ताकद येत नाही. ऑपरेशन लागणारे गुडघेही असतात, पण ऑपरेशनच्या आधी व्यायाम केलेला माणूस नंतर लवकर चालायला लागतो, त्यामुळं ते कष्ट वाया जात नाहीत.

आधी हाडाच्या डॉक्टरांकडं का फिजिओकडं? वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, पडझड झालेली नसेल, तर सरळ फिजिओकडं गेलात तरी चालतं. चांगला फिजिओ तपासतो आणि त्याला शंका आली तर स्वतःच चिठ्ठी देऊन पाठवतो. मिरज जवळ आहे, अथणी-कागवाडकडूनही लोक तिथं उपचाराला येतात, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची आपल्याला वाण नाही, पाठवायला काही अडचण येत नाही.

चांगला फिजिओ ओळखायचा कसा, तर बीपीटी किंवा एमपीटी ही फिजिओथेरपीची डिग्री आहे का आणि महाराष्ट्राच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का हे विचारा, विचारायला लाजू नका. पहिल्या दिवशी त्यानं तुम्हाला भरपूर प्रश्न विचारले पाहिजेत, काय काम करता, रात्री कसं झोपता, कपडे काढून दोन्ही खांदे शेजारी शेजारी बघितले पाहिजेत, हात लावून तपासलं पाहिजे. आल्या आल्या मशीन लावलं, वीस मिनिटं करंट दिला, आणि उद्या या, असं पंधरा दिवस चाललं तर तिथं तुमचे पैसे जातायत. मशीननं तात्पुरतं बरं वाटतं, मी पण लावतो, पण ताकद व्यायामानंच येते आणि तो व्यायाम तुम्हाला घरी करता आला पाहिजे. जत-आटपाडीकडची माणसं रोज कशी येणार? त्यांना मी आठवड्यातून एकदा बोलावतो, व्यायाम त्यांच्याच मोबाईलवर शूट करून देतो, आणि नीट करणारे रोज येणाऱ्यांइतकेच बरे होतात.

तुम्ही मात्र आता थांबू नका. तीन महिन्यांवर होऊन गेलेत, दोन आठवड्यांची मुदत कधीच संपली. माल उतरला की एप्रिल छाटणीच्या आधी थोडी उसंत मिळते, तेवढ्यात सुरू केलं तर छाटणीला खांदा बराच तयार असेल. तोपर्यंत काम बंद करायची गरज नाही, फक्त हात वर धरून सलग काम करू नका, अर्ध्या तासानं हात खाली घ्या, पाच मिनिटं क्रेट भरा, पॅकिंग बघा, मग परत वर. सिकेटरला धार लावून घ्या, बोथट सिकेटरनं प्रत्येक कापाला जास्त जोर लागतो आणि त्याचा ताण खांद्यापर्यंत जातो. रात्री दुखऱ्या हाताखाली उशी घेऊन झोपा. दाखवायला जाताना सैल बनियन घाला, खात असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि आदल्या दिवशी उपाशीपोटीची शुगर तपासून रिपोर्ट आणा. आईलाही त्याच खेपेला आणा, येताना त्या घरात जी चप्पल घालतात तीच घालून येऊ द्या, मला त्यांचं चालणं बघायचंय.